चौथ्या नियमाखालचा अंगठा

मिठाचा हंगाम सुरू झाला की आमच्या घरात एक पातेले अळणी शिजत असे. ते बांचे, माझ्या वडिलांचे. दिवसभर खाडीचे पाणी जिभेवर घेणाऱ्या माणसाला संध्याकाळी घरचे कालवणही खारट लागे. म्हणून आई वालाचे बिरडे आधी त्यांच्यापुरते काढून ठेवी आणि उरलेल्यात मीठ घाली. मिठागरात राबणारे घर आणि घरचा कर्ता अळणी जेवतो, याची पाहुण्यांना गंमत वाटे. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे. बा सकाळी उठून चहासुद्धा घेत नसत. तंबाखूची चंची कमरेला असे, पण मिठागरावर जाऊन पहिली चव घेईपर्यंत तिची गाठ सुटत नसे. बोट पाण्यात बुडवायचे, जिभेच्या टोकाला लावायचे, थुंकायचे आणि मग खाडीकडे बघत थोडा वेळ उभे राहायचे. काका, म्हणजे बांचा धाकटा भाऊ, लांबून ओरडे, "काय बोलतंय पानी?" बा म्हणत, "अजून दोन दिस." किंवा म्हणत, "सोड." त्या एका शब्दावर सगळ्यांचा दिवस ठरे.

आमचे मिठागर धरमतरच्या खाडीला लागून होते. आमचे म्हणजे आम्ही कसत असलेले. उधाणाला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या फळीच्या दारातून, पाणी आत घ्यायचे, मग ते एका तळ्यातून दुसऱ्यात असे फिरवत उन्हात तापू द्यायचे. पाणी जड होत जाई, त्याच्यावर तांबूस झाक येई, आणि योग्य वेळी ते शेवटच्या वाफ्यांत सोडले की तिथे मीठ धरे. लवकर सोडले तर मीठ धरायला उशीर, आणि फार दिवस ठेवले तर मीठ कडू. हंगामाच्या आरंभी वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून दगडासारखी करावी लागे. आई, काकी, मी आणि शेजारच्या बाया एका रांगेत, हातात हात घालून, डावा पाय, उजवा पाय. ओल्या चिखलावर पायांचा तो एकसुरी थपथप आवाज मला अजून ऐकू येतो. चालताना माझी पावले अजूनही कधीकधी त्या तालात पडतात, असे माझी नात म्हणते. खरे असेल.

तेव्हा मी दहावीत होते. आमच्या पाड्यातून तितके शिकलेली मुलगी दुसरी नव्हती. घरात तसे उघड कुणी बोलत नव्हते, पण अकरावीची, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकची, परीक्षा झाली की मी मिठागरावर पूर्ण वेळ यायचे, हे सगळ्यांनी धरून चालले होते. मीही धरले होते. वाईट वाटत होते का, हे आता नीट सांगता येत नाही. वाईट वाटायला दुसरे काहीतरी समोर दिसावे लागते.

ते दिसले विज्ञानाच्या सरांमुळे. सर घाटावरचे होते. त्यांना आमची सुकट सोसत नसे आणि आमची बोली कळायला त्यांना वर्ष लागले. एकदा त्यांनी वर्गात एक काचेची नळी दाखवली. दुधात तरंगवून दुधात पाणी किती ते सांगणारी. मी घाबरत विचारले, ही मिठाच्या पाण्यात चालेल का? सर म्हणाले, "ही नाही चालणार. त्याला वेगळी लागते. पण तू करून का बघत नाहीस?"

मी करून बघितली. बांबूची बोटाएवढी कांडी घेतली, दोन्हीकडे गाठ असलेली, म्हणजे आत हवा राहील. ती उभी तरंगावी म्हणून खालच्या टोकाला जड काहीतरी हवे होते. काकाने जुन्या पागाचे, म्हणजे फेकायच्या जाळ्याचे, शिसे ठोकून गुंडाळून दिले. बांबू पाणी पिऊ नये म्हणून आईने मेण दिले, आणि ते वितळवताना माझे बोट भाजल्यावर बाकीचे तिनेच लावले. आता कांडी तरंगू लागली. पाणी जितके जड तितकी ती जास्त वर येई. पण किती वर आली म्हणजे पाणी तयार, हे कांडीला कुठे ठाऊक? म्हणून मी सबंध महिनाभर शाळेत जाण्याआधी बांच्या मागे मागे फिरले. ते चव घेत, मी कांडी सोडत असे. ते "कच्चा हाय" म्हणाले की तिथे एक बारीक खूण. "दोन दिस" म्हणाले की तिथे एक. ज्या सकाळी ते "सोड" म्हणाले त्या सकाळी मी कोयत्याच्या टोकाने जरा खोल खाच पाडली. बांना या खेळाचे काही वाटत नव्हते. एकदा फक्त म्हणाले, "माझी जीभ तू बांबूला लावतेस काय गो?"

सरांनी ती कांडी उलटसुलट करून पाहिली. मग त्यांनी चक्रमुद्रित केलेला एक कागद काढला. अलिबागला जिल्ह्याच्या शाळांचे विज्ञान प्रदर्शन भरायचे होते. त्याच रविवारी ते पायी मिठागरावर आले आणि बांधावर उभे राहून बांना म्हणाले, "हिचे साधन जिल्ह्यात निवडले गेले, तर मुलींच्या वसतिगृहाला आमचे हेडमास्तर स्वतः पत्र देतील. पुढे कॉलेजला पाठवता येईल." बांनी खोऱ्याचा दांडा हनुवटीखाली धरला आणि म्हणाले, "निवडली तं बघू." बांनी 'बघू' म्हटले की ते खरेच बघत. त्यामुळे त्या दिवसापासून मला समोर काहीतरी दिसू लागले, आणि त्याबरोबर भीतीही.

कागदावर प्रवेशाचे नियम होते आणि खाली पालकाची सही. बांचे म्हणणे, ऐकल्याशिवाय कुठल्याही कागदाला अंगठा नाही. त्यांच्या वडिलांनी न ऐकता एकदा लावला होता आणि ते फसले होते, त्याची गोष्ट आमच्या घरात भाकरीसारखी रोज थापली जाई. म्हणून पुढच्या सुट्टीच्या दुपारी, सगळे बांधावर जेवायला बसले असताना, मी उभी राहून नियम वाचले. तांदळाची भाकरी, भाजलेले बोंबील, कांदा, आणि विज्ञान प्रदर्शनाचे नियम.

"एक. विद्यार्थी शाळेच्या नियमित हजेरीवर असावा."

"हाय का तू?" काकाने विचारले. "परवा तं वाफ्यान तुडवत होतीस."

"परवा रविवार होता, काका."

"मंग हाय. म्होरं."

"दोन. साधन दोन फूट रुंद व तीन फूट लांब टेबलावर मावेल एवढे असावे."

"म्हंजे मिठागर नेता येनार नाय," काका म्हणाला. "दादा, तुजी सुटका झाली."

"तीन. जिवंत प्राणी, विस्तव अथवा स्फोटक पदार्थ आणू नयेत."

"मंग काकीला नेऊ नको," काका म्हणाला. काकीने त्याच्या पानातला बोंबील उचलून आपल्या पानात घेतला आणि सगळे हसले. बा हसले नाहीत. ते ऐकत होते.

"चार. साधन विद्यार्थ्याने कोणाच्याही मदतीशिवाय, स्वतः एकट्याने केलेले असावे. पालकाने तसे खाली लिहून द्यावे."

मी पाचवा नियम वाचायला लागले. तो परीक्षकांपुढे साधन चालवून दाखवण्याविषयी होता. बांनी हात वर केला.

"चौथा परत वाच."

मी परत वाचला.

"एकट्याने म्हंजे?"

"म्हणजे मी एकटीने, बा."

"शिसा कोनाचा?"

"काकाचा."

"मेन कोनी लावला?"

मी आईकडे पाहिले. आई भाकरीचा तुकडा मोडत राहिली.

"आनि चव कोनाची?"

बा शांतपणे म्हणाले, "मंग याला माझा अंगठा कसा लागंल? मी चाखलं हाय आनि मीच लिवून देऊ, का मी चाखलं नाय?"

काका म्हणाला, "अरे दादा, कागद हाय तो. कागदावं समदेच लिवतात."

"म्हनूनच," बा म्हणाले आणि हात धुवायला उठले.

आता विचार करते तेव्हा वाटते, तो नियम करणाऱ्याच्या मनात कुणी श्रीमंत बाप असावा, पैसे देऊन मुलासाठी यंत्र बनवून घेणारा. त्या माणसाचे काही चुकले नव्हते. पण आमच्याकडे एकट्याने केलेली गोष्ट म्हणजे काय, हेच आम्हाला माहीत नव्हते. वाफा एकट्याने तुडवता येत नाही. उघाडीची फळी एकट्याने उचलली जात नाही. माझ्या आईने एकटीने केलेले काम मला एकच आठवते, ते म्हणजे ते अळणी पातेले.

मी सरांना खरे सांगितले नाही. बा कामात आहेत, उद्या आणते, असे दोनदा सांगितले. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "आज कागद हेडमास्तरांकडे गेलाच पाहिजे." मधल्या सुट्टीत मी शाळेच्या मागे, पाण्याचे रांजण ठेवायचे तिथे गेले. दौतीतली शाई बोळ्याने डाव्या अंगठ्याला लावली आणि पालकाच्या सहीच्या जागी तो दाबला. खाली माझ्या चांगल्या अक्षरात लिहिले, निशाणी डाव्या हाताचा अंगठा, आणि बांचे नाव. अंगठा फार स्वच्छ उठला होता. एकेक रेघ मोजावी अशी. मला आठवते, त्या क्षणी मला भीती वाटली नाही, तो इतका छान उठल्याचे समाधानच वाटले. हे लिहायला मला बरे वाटत नाही, पण तसे होते.

आठवड्याने, मी वाफ्यातले मीठ ओढत असताना, सर पुन्हा मिठागरावर येताना दिसले. लाकडी फळीने मीठ ओढताना खरखर आवाज होतो. तो माझ्या हातात थांबला. सर खुशीत होते. बांना म्हणाले, "कागद मंजूर झाला. पण दोन प्रती लागतात असं आता कळवलंय. या दुसऱ्या प्रतीवरही तुमचा अंगठा हवा. हा पहिलीसारखाच." त्यांनी पिशवीतून शाईचे पॅड काढले आणि पहिली प्रत नमुन्यासाठी बांच्या हातात दिली.

बांना अक्षर येत नव्हते. पण त्यांनी तो कागद हातभर लांब धरून, वाचता येणाऱ्या माणसासारखा बराच वेळ पाहिला.

"हा कोनाचा?" त्यांनी विचारले.

"तुमचाच की," सर म्हणाले.

बांनी पॅडवर अंगठा टेकवला आणि सरांच्या पिशवीतल्याच एका कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यावर दाबला. तिथे एक निळा गोल ठिपका उमटला. आत काही नाही, नुसता डाग. "माझ्या अंगठ्याला रेघा नायत, सर," ते म्हणाले. "खाऱ्या पान्यान कवाच गेल्या. आमच्या समद्यांचा असाच उठतो."

काका जवळच उभा होता. त्याने पहिल्यांदाच काही विनोद केला नाही. सरांनी ठिपक्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. बा माझ्याकडे आले, माझा डावा हात उलटा केला आणि अंगठा पाहिला. शाई केव्हाच निघून गेली होती. तरी ते पाहत राहिले. मग सरांना म्हणाले, "परका नाय. घरचाच हाय."

परवा बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी गेले होते. तिथल्या यंत्रावर माझा अंगठा तीनदा ठेवला, तीनदा यंत्राने नको म्हटले. काउंटरवरची मुलगी रुमाल देत म्हणाली, "आजी, पुसून बघा. वयानं रेघा पुसट होतात." मी पुसला आणि हसू आले. त्या मुलीला काय सांगणार? बा तेव्हा चाळिशीतही नव्हते.

त्या दिवशी बांधावर सरांनी विचारले, "आता काय करायचं?" ते मला विचारत होते की बांना, ते कळले नाही. उत्तर बांनी दिले.

"याच्यावं लिवा. पोरीने केलं. शिसा काकाचा, मेन आयचा, चव बापाची. मंग लावतो अंगठा."

"तसं लिहिलं तर ते स्पर्धेत बसणार नाही."

"नाय बसलं तं उभं ऱ्हाऊ द्या कडंला. पन लिवा."

सरांनी पहिली प्रत परत घेतली, दुमडली आणि खिशात घातली. ती खोटी आहे हे त्यांनी हेडमास्तरांना सांगितले की ती नुसती फाडून टाकली, मला ठाऊक नाही. ते पुढे कधी त्याविषयी बोलले नाहीत आणि मी विचारायचे धाडस केले नाही. दुसऱ्या प्रतीवर त्यांनी बांनी सांगितले तसे, फक्त शुद्ध भाषेत लिहिले. वाचून दाखवले. बांनी 'बापाची चव' या ठिकाणी 'वडिलांचे मार्गदर्शन' आले ते ऐकून हात वर केला. "मारगदर्शन नाय. चव." सरांनी खोडून चव असे लिहिले. मग बांनी त्याखाली आपला निळा डाग उमटवला.

मला ते रागावले नाहीत. त्याने मला जास्त अवघड झाले. संध्याकाळी घरी चालताना ते पुढे होते, मी मागे. बांधाच्या वळणावर ते न थांबता म्हणाले, "आज माझा अंगठा तू लावलास. उद्या तुजा कोन लावील, ते तुना कलनार बी नाय." एवढेच. घरी आल्यावर आईने नेहमीसारखे अळणी पातेले त्यांच्यापुढे ठेवले.

अलिबागच्या शाळेत मला दारापाशी जागा मिळाली. टेबलावर पुठ्ठ्याची पाटी होती, 'स्पर्धेसाठी नाही'. मी तीन बाटल्यांत तीन तळ्यांचे पाणी नेले होते. येणारे आधी पाटी वाचत आणि मग कांडीकडे पाहत, किंवा पाहत नसत. शेजारी एका मुलाचा पेरिस्कोप होता, तिथे रांग लागली होती. एक वयस्कर परीक्षक मात्र पाटी वाचूनही थांबले. त्यांनी कांडी तिन्ही बाटल्यांत स्वतः सोडून पाहिली.

"या खुणा कशावरून केल्यास? प्रमाण काय?"

"वडिलांची जीभ," मी म्हणाले. मागे दोन मुले फिसकन हसली.

परीक्षक हसले नाहीत. "मग त्यांची चव चुकली तर तुझं साधनही चुकणार."

"हो," मी म्हणाले.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिले. ते काय होते ते मला कधी कळले नाही. साधन स्पर्धेत नव्हते, त्यामुळे ते गुण नसणार. पेरिस्कोपवाल्या मुलाला पहिला क्रमांक मिळाला. मी बाटल्या ओतून दिल्या, कांडी पदराखाली धरली आणि एस.टी.ने परत आले. निवड झाली नव्हती, म्हणजे बघायचेही काही उरले नव्हते. बांना मी तसे सांगितले. ते म्हणाले, "बरं." कांडी मी पडवीतल्या वाशात खोचून ठेवली.

त्याच हंगामाच्या अखेरीस बांना ताप आला. तापात जिभेची चव जाते, हे सगळ्यांना ठाऊक असते, पण आमच्या घरात त्याचा अर्थ निराळा होता. चांगले कडक ऊन पडले होते, शेवटच्या तळ्यातले पाणी लाल झाले होते, आणि सोडायचे की थांबायचे हे कुणालाच सांगता येत नव्हते. काकाने चव घेतली आणि म्हणाला, "मना तं समदंच खारट लागतं." बा गोधडी पांघरून बांधावर येऊन बसले. बोट बुडवले, चाखले, थुंकले आणि मान हलवली. परत चाखले. मग खाडीकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "ती कांडी काय बोलते, बघ गो."

मी घरी पळत जाऊन कांडी आणली आणि पाण्यात सोडली. खोल खाच पाण्याच्या रेषेशीच होती; ती पाण्याच्या वर आली होती की नव्हती, हे मी वाकून वाकून पाहिले. "आली आहे, बा," मी म्हणाले. "केसभर वर."

"तू काय बोलतेस? सोडू?"

"सोड."

त्या वाफ्यांतले मीठ तिसऱ्या दिवशी धरले. ते कसे होते यावर कुणी काही बोलले नाही, म्हणजे चांगले होते. ताप उतरल्यावर बांची जीभ परत आली आणि कांडी परत वाशात गेली. मात्र त्यानंतर मी तिला बांनी सांगितल्यावरून दोनदा पाण्यात सोडलेली मला आठवते, आणि दोन्ही वेळा त्यांनी आधी चाखले नव्हते.

पुढच्या वर्षी अकरावीचा निकाल लागला, तेव्हा बांनी आपणहून विचारले, "त्या वसतिगृहाचा कागद कुठं मिलतो?" निवड, पत्र, यातले काहीच झाले नव्हते. मी तसे म्हणाले. ते म्हणाले, "मंग काय झालं? कागद तं हाय ना." मी कागद आणला. त्यांनी तो दुपारी बांधावर, सगळ्यांसमोर, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचून घेतला. मुलीच्या वागणुकीची जबाबदारी, सुट्टीचे नियम, आजारपणाचे नियम, एकेक.

"याच्यान खोटं काय हाय?" त्यांनी विचारले.

"काही नाही, बा."

मग त्यांनी अंगठा लावला.

वसतिगृहाच्या कचेरीत लेखनिकाने तो कागद उजेडात धरला, डागाकडे पाहिले आणि माझ्यापुढे सरकवला. "हा नीट उठलेला नाही. घरी जाऊन पुन्हा घेऊन ये."

मी तोपर्यंत अनोळखी माणसासमोर कधी मोठ्याने बोलले नव्हते. माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

"तो असाच उठतो," मी म्हणाले, आणि कागद परत त्यांच्याकडे सरकवला.